डासांविरुद्धची नवी साधने आणि आरोग्यसेवक

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे परोपजीवी आढळले. तेव्हापासून आजवर डासांविरुद्धची साधने बदलत आली आहेत. डी.डी.टी.ची फवारणी, गप्पी मासे, अळीनाशके, कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या ही त्यांतील काही. परंतु ज्याच्या हातून ही साधने घरोघरी पोचतात, त्या आरोग्यसेवकाला त्यांची कितपत माहिती असते आणि ती त्याला स्वतःला पटलेली असतात काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमच्या गावी आशाताई ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ असे सांगत. लोक मान डोलावीत आणि रांजण भरलेलाच राही. पुढे त्यांनी कारणही सांगण्यास सुरुवात केली. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. त्यापूर्वी भांडे घासून कोरडे केले की डासाची वाढच खुंटते. माझी आई शाळेची पायरी चढलेली नाही; पण हे ऐकल्यापासून दर शनिवारी रांजण तीच पालथा घालते. आज्ञेपेक्षा कारण अधिक काम करते, ते असे.

आता येणारी पद्धत याहून अवघड आहे. वोल्बाकिया हा जिवाणू अनेक कीटकांत निसर्गतःच असतो. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस इजिप्ती डासात तो घातला, तर त्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. शिवाय मादीकडून हा जिवाणू पुढील पिढीत उतरतो. इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरात असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे प्रमाण इतर भागांपेक्षा ७७ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. पुदुच्चेरी येथील भारतीय संशोधन केंद्रानेही असे डास प्रयोगशाळेत तयार केले आहेत.

म्हणजे ज्याने जन्मभर ‘डास मारा’ म्हटले, त्यानेच उद्या ‘हे डास सोडू द्या’ म्हणावयाचे! हे सोपे नव्हे. १९७५ साली हरियाणातील सोनीपत येथे नपुंसक केलेले नर डास सोडण्याचा प्रयोग ऐनवेळी थांबवावा लागला. नर डास चावत नाही. तरीही परकीय साह्याने चाललेल्या त्या संशोधनामागे जैविक युद्धाचा हेतू असावा, असा संशय वृत्तपत्रांतून व संसदेत व्यक्त झाला होता. संशय एकदा पसरला की मागाहून दिलेले स्पष्टीकरण अपुरे पडते.

म्हणून आरोग्यसेवकाच्या प्रशिक्षणात ‘कसे करावे’ याबरोबरच ‘का करावे’ हेही असले पाहिजे. त्याने शंका काढली, तर तिला अडाणीपणा म्हणू नये. हीच शंका उद्या एखादी माउली उंबरठ्यात उभी राहून त्याला विचारणार आहे. तेव्हा त्याला स्वतःच्या शब्दांत उत्तर देता आले, तरच नवे साधन त्या घरात प्रवेश करील, असे मला वाटते.