दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठे भरते?

आमच्या शाळेत एक शिपाई होते. सारे गाव त्यांना मामा म्हणे, आम्हीही मामाच म्हणत असू. घंटा वेळेवर, अंगण झाडलेले, पाण्याची टाकी भरलेली. कामात खोट नव्हती. पण पगार झाला की चार दिवस मामा दिसत नसत. मग मामी शाळेत येई. दाराआड उभी राही आणि म्हणे, "गुरुजी, तुमचं ऐकतील ते. तुम्ही सांगा."

आम्ही सांगितले. एकदा नव्हे, दहादा सांगितले. वर्गात मुलांना सांगतो तसे सांगितले. शेवटी एका एकादशीला त्यांना विठ्ठलाच्या देवळात नेले. गळ्यात तुळशीची माळ घालायला लावली आणि चार माणसांसमोर शपथ घ्यायला लावली. मामांनी ती मनापासून घेतली, यात आम्हाला शंका नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री मामांचे हातपाय थरथरू लागले. घामाने अंथरूण भिजले. भिंतीवर किडे चालले आहेत असे म्हणून ते ओरडू लागले. मग झटका आला. गाव म्हणाले, बाहेरची बाधा आहे. कोणी अंगारा आणला. कोणी म्हणाले, "एक ग्लास पाजा, उतरेल." पाजला, आणि थरथर उतरली. दुसऱ्या दिवशी मामांनी आपल्या हाताने माळ काढून देवळात नेऊन ठेवली. पुढे दोन वर्षे ते आमच्याकडे मान वर करून बघत नव्हते.

माळ खोटी नव्हती. मामाही खोटे नव्हते. चूक आमची होती. ती कोणती, ते आधी सांगतो.

जो रोज भरपूर पितो, त्याचे शरीर दारूला सरावते. दारू एकाएकी बंद झाली, की शरीर बिथरते. पहिल्याच दिवशी हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. एक-दोन दिवसांत फेफऱ्यासारखा झटका येऊ शकतो. दोन-तीन दिवसांनी काही जणांना भ्रम होतो. नसलेले दिसते, नसलेले ऐकू येते. ही भुताची बाधा नव्हे. हा आजार आहे, आणि वेळेवर औषध मिळाले नाही तर यात माणूस दगावतो. म्हणून सकाळी हात स्थिर करायला ज्याला घोट लागतो, त्याने घरात एकट्याने एकदम दारू तोडू नये. आधी सरकारी दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना खरे प्रमाण सांगावे. दोन क्वार्टर पीत असाल तर दोन सांगा, अर्धी सांगू नका. झटका आला किंवा भ्रम झाला, तर १०८ ला फोन करून गाडी बोलवा.

दवाखान्यात काही दिवसांत शरीर ताळ्यावर येते. पण माणूस परत त्याच फाट्यावर एसटीतून उतरतो. फाट्यावर तोच गुत्ता, बाजाराच्या दिवशी तेच सोबती. घरात तेच कर्ज. "सुटली का रे?" म्हणून हसणारेही तेच. अशा वेळी बायकोचे रडणे पुरत नाही. आमच्यासारख्या मास्तरांचे बोलणे तर मुळीच पुरत नाही. मग कोण पुरतो? जो स्वतः प्याला आणि ज्याने स्वतः सोडली, तो.

याची एक खरी गोष्ट आहे. साल १९३५, देश अमेरिका. बिल नावाचा एक माणूस न्यूयॉर्क शहरात शेअर बाजाराचा धंदा करी. दारूपायी त्याची धूळधाण झाली होती. नुकतीच त्याने दारू सोडली होती, पाच महिने झाले होते. कामासाठी तो अ‍ॅक्रन नावाच्या परक्या गावी गेला. काम फिसकटले. हॉटेलात एकटा उभा असताना शेजारच्या दारूच्या खोलीतून हसण्याखिदळण्याचा आवाज येऊ लागला. बिलला कळून चुकले, की आता आपण पिणार. तेव्हा त्याने काय केले? त्या गावच्या पाद्र्यांना फोन लावले आणि विचारले, "ज्याच्याशी मला बोलता येईल असा एखादा दारुडा तुमच्या गावात आहे का?"

विचारता विचारता त्याला एका डॉक्टरांचे नाव मिळाले. त्यांचे नाव बॉब. हे डॉक्टर शस्त्रक्रिया करीत, आणि दारूही अतोनात पीत. ते म्हणाले, "पंधरा मिनिटे देतो." बोलणे सहा तासांच्या वर चालले. बिलने उपदेश केला नाही. आपली स्वतःची कर्मकहाणी सांगितली, इतकेच. डॉक्टर मध्ये एकदा घसरले. पण १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटची दारू घेतली, ती शेवटचीच ठरली. त्या दिवसापासून एक मंडळी उभी राहिली. तिचे नाव अल्कोहोलिक्स अनॉनिमस. सगळे तिला एए म्हणतात. अर्थ असा, की नाव जाहीर न करणारे दारुडे. ही मंडळी १९५७ साली आपल्या देशात आली. महाराष्ट्रात आज तिच्या बैठका मराठीतून भरतात.

आता आपल्या गावाकडे या. या बैठकांची दवंडी पिटत नाहीत. पुष्कळ ठिकाणी दारावर पाटीही नसते. शाळेचा एखादा वर्ग, चर्चची खोली, समाजमंदिर, अशा जागी त्या भरतात. म्हणून चार कोसांवर बैठक भरत असली तरी आपल्याला पत्ता नसतो. विचारल्याशिवाय ती सापडत नाही.

प्रथम हा आकडा वहीत लिहून घ्या: १४४४६. व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी हा सरकारी फोन आहे. त्याला पैसे पडत नाहीत. मन फार खचले असेल, झोप नसेल, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटत असेल, तर दुसरा आकडा १४४१६. तोही फुकट आहे आणि रात्रंदिवस चालतो. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकाराचे डॉक्टर असतात, तिथे विचारा. पुण्यात येरवड्याला १९८६ पासून मुक्तांगण हे केंद्र आहे. साताऱ्याला परिवर्तन आहे. उपचार घेऊन गेलेल्यांनी पुन्हा भेटत राहावे यावर अशा केंद्रांचा भर असतो. तुमच्या तालुक्याकडे कोण भेटते, ते अशा ठिकाणी विचारता येते.

आणि सगळ्यात जवळचा पत्ता तुम्हाला ठाऊकच आहे. पूर्वी पीत होता आणि आता पीत नाही, असा पंचक्रोशीत कोण आहे? एक तरी असतोच. त्याच्या घरी जा. तो तुम्हाला हाकलणार नाही. उलट त्याला बरे वाटेल.

पत्ता मिळाला की चार गोष्टी विचारून ठेवा. वार कोणता? वेळ काय? कोणत्या इमारतीत, कोणत्या दाराने? आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता? ही चौथी गोष्ट लहान वाटते, पण खेड्यातल्या माणसाचे इथेच अडते. बैठक सातला सुरू होते आणि शेवटची गाडी साडेसातला सुटते. मग माणूस म्हणतो, "आपल्याला नाही जमायचं," आणि फाट्यावरूनच परत फिरतो. कुठे रविवारी दिवसाची बैठक असते, ती धरावी. दोघांनी मिळून एका मोटारसायकलवर जावे. आता मोबाइलवरही बैठका भरतात. रेंज नसेल तर पाण्याच्या टाकीवर चढून बसणारा एक गडी आम्हाला ठाऊक आहे.

मामांची अडचण आणखी वेगळी होती. माळ काढल्यानंतर दोन वर्षांनी ते आपण होऊन म्हणाले, "गुरुजी, आता मरतो बघा." त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात ठेवले. तिथून त्यांना तालुक्याच्या बैठकीचा पत्ता मिळाला. पहिल्या रविवारी ते एकटे गेले. त्यांना वाचता येत नव्हते आणि कोणाला विचारायची लाज. इमारतीला दोन फेऱ्या मारून ते परत आले. शाळेत तीस वर्षे घंटा वाजवणाऱ्या माणसाला आम्ही अक्षर शिकवले नव्हते, हेही इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या रविवारी आम्ही बरोबर गेलो. आम्हाला आत घेतले नाही! बैठक पिणाऱ्यांपुरती होती. काही बैठका घरच्यांसाठी व इतरांसाठी खुल्या असतात, ही तशी नव्हती. मुख्याध्यापक बाहेर लिंबाखाली बसले आणि शिपाई आत गेले.

दीड तासाने मामा बाहेर आले. त्यांचे डोळे ओले होते, पण तोंडावर हसू होते. म्हणाले, "गुरुजी, नाव सांगायचं नसतं. पण आत एक मास्तर होता. त्याला पण भिंतीवर किडे दिसले होते!"

आत काय होते ते मामांनी पुढे सांगितले. फी नाही. हजेरी नाही. आडनाव कोणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा हवी, एवढीच अट. एक जण उठतो, नुसते नाव सांगतो, मी दारुडा आहे असे म्हणतो आणि आपली हकिकत सांगतो. बाकीचे ऐकतात. मध्ये कोणी बोलत नाही, कोणी रागावत नाही. तुम्हाला बोलायचे नसेल तर नुसते बसा. जन्मभराची शपथ कोणी घालत नाही. आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचे उद्या. तिथे देवाचे नाव निघते, पण ज्याचा जसा देव तसा त्याने मानावा. शेवटी डबा फिरतो. ज्याला जमेल त्याने त्यात काही टाकावे. औषध, कर्ज, नोकरी मात्र तिथे मिळत नाही.

लोक बघतील ही भीती मामांनाही होती. मामी म्हणाली, "गुत्त्यावर जाताना लोक आंधळे होते काय?"

मामीसारख्या बायांसाठीही अशा बैठका आहेत. त्यांना अल-अ‍ॅनन म्हणतात. नवरा सोडो न सोडो, बाईने जावे. ज्या बाया स्वतः पितात, त्यांनाही एएमध्ये तोच मान आहे. मात्र घरात मारहाण होत असेल तर बैठकीची वाट पाहू नका, ११२ ला फोन करा.

एक गोष्ट करू नका. चहातून गुपचूप पूड किंवा गोळी देऊ नका. काही गोळ्या पोटात असताना दारू प्याली, तर रक्तदाब एकदम उतरतो आणि जीव जाऊ शकतो. डॉक्टर त्या गोळ्या पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीने देतात.

मामा एकदा घसरले. भाच्याची हळद होती. पुढच्या रविवारी तोंड लपवीत बैठकीला गेले आणि उठून सारे सांगितले. त्यांना कोणी काढून टाकले नाही. एक जण एवढेच म्हणाला, "बसा. चहा घ्या."

नंतर गावातल्याच एका ट्रॅक्टरवाल्याने मामांना गाठले. दर रविवारी तालुक्याला जाणे त्याला जमेना. तेव्हा तालुक्याची मंडळी म्हणाली, दोन माणसे बसली तरी बैठक होते. आम्ही सरपंचांना विचारून चौथीच्या वर्गाची किल्ली दिली. वार गुरुवार, वेळ रात्री साडेआठ. तेव्हापासून कधी सहा जण येतात, कधी तीन.

आम्ही निवृत्त झालो, मामाही झाले. किल्ली आता नव्या गुरुजींकडून मिळते. गेल्या गुरुवारी पाऊस फार होता आणि वीजही गेली होती. दोघेच आले. कंदील लावून बैठक झाली.