बुद्धीवरील पडदा : गांजातील घटक आणि आपले शरीर

आपल्या घरांतील काही तरुण अलीकडे एक युक्तिवाद करू लागले आहेत आणि वडीलधारी मंडळी त्यापुढे निरुत्तर होतात. दारू हराम आहे हे मान्य, पण गांजाचे नाव कुरआनात कोठे आहे? ती तर अल्लाहनेच उगवलेली वनस्पती. तिच्यापासून औषधेही बनतात! असा प्रश्न विचारणाऱ्याला रागावून गप्प करता येते, परंतु त्यामुळे प्रश्न संपत नाही. तो केवळ घराबाहेर जातो आणि तेथे त्याला निराळी उत्तरे मिळतात. म्हणून दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. शरीअत एखाद्या पदार्थाविषयी निर्णय देते तेव्हा काय पाहते, ही पहिली; आणि ही वनस्पती शरीरात जाऊन नेमके काय करते, ही दुसरी.

अरबीतील 'खम्र' या शब्दाच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे. स्त्रियांच्या ओढणीला 'खिमार' म्हणतात, तो शब्दही त्याच धातूपासून आलेला. सूरह अल-माइदाच्या ९०व्या आयतीत खम्रची मनाई आली. त्याविषयी मिंबरवरून बोलताना आदरणीय उमर (र.) यांनी त्या काळी मद्य बनत असलेल्या द्राक्षे, खजूर, मध, गहू आणि जव या पाच वस्तूंची नावे घेतली, मात्र ते तेवढ्यावर थांबले नाहीत. बुद्धी झाकली जाणे हीच खरी कसोटी आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. हे कथन सहीह बुखारीत आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात आदरणीय उम्मे सलमा (र.) यांच्याकडून आलेल्या हदीसनुसार पैगंबर मुहम्मद (स.) यांनी नशा आणणाऱ्या वस्तूबरोबरच 'मुफत्तिर' वस्तूसही, म्हणजे अंगाला व मनाला शिथिल करून टाकणाऱ्या वस्तूसही, मनाई केली. याचा अर्थ, यादीत वनस्पतीचे नाव शोधणे हा मार्गच नव्हे. परिणाम शोधावा लागतो. म्हणून आता परिणामाकडे वळू.

एकच झाड, अनेक घटक

भांग, गांजा आणि चरस ही तीन निरनिराळी झाडे नाहीत. एकाच वनस्पतीची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्यांवरील चिकट राळ म्हणजे चरस. ही राळ स्रवणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी फुलोऱ्यावर सर्वाधिक असतात, म्हणून त्याची नशा पानांपेक्षा तीव्र. राळेत कॅनाबिनॉइड या वर्गातील शंभराहून अधिक संयुगे आढळली आहेत. त्यांपैकी दोन आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहेत : टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी, आणि कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी. रफाएल मेशुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सीबीडीची रचना उलगडली आणि पुढच्याच वर्षी येहिएल गाओनी यांच्यासह टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. नशा आणणारा मुख्य घटक टीएचसी आहे. सीबीडीने तशी धुंदी येत नाही.

ताज्या झाडात टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असते आणि त्या रूपात ते जवळजवळ नशा आणत नाही. उष्णतेने त्याचे रूपांतर होते. चिलमीत ते पेटवले जाते, भांगेचे पदार्थ तुपात किंवा दुधात शिजवले जातात, त्यामागील रसायनशास्त्र हे असे आहे. दूध-तुपाचा आणखी एक उपयोग होतो, कारण टीएचसी पाण्यात नव्हे तर स्निग्ध पदार्थात विरघळते. पुढे शरीरातही ते चरबीत साठते आणि हळूहळू बाहेर पडते. नियमित सेवन करणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश काही आठवडे सापडू शकतात.

मेंदूतील कुलूप

१९८८ मध्ये असे आढळले की मेंदूतील पेशींवर टीएचसी नेमके जाऊन बसेल अशी जागा आहे. तिला सीबी-१ रिसेप्टर म्हणतात. सोप्या शब्दांत ते एक कुलूप आहे. मग प्रश्न पडला की निर्मात्याने माणसाच्या मेंदूत गांजासाठी कुलूप कशाला बसवावे? उत्तर १९९२ मध्ये मिळाले. मेंदू स्वतःच एक किल्ली तयार करतो. तिला संस्कृतातील 'आनंद' या शब्दावरून 'आनंदामाइड' असे नाव देण्यात आले.

या किल्लीचे काम फार नाजूक आहे. एक पेशी दुसरीला संदेश देते आणि संदेश पुरेसा झाला की घेणारी पेशी उलट दिशेने हा पदार्थ सोडून 'आता पुरे' असे कळवते. हा एक प्रकारचा ब्रेक आहे. तो जेथे हवा तेथे, हवा तेवढाच, क्षणभर लागतो; नंतर आनंदामाइडचे त्वरित विघटन होते. भूक, झोप, वेदना, भीती आणि स्मरण यांचे संतुलन राखण्यात या व्यवस्थेचा वाटा आहे. सूरह अल-इन्फितारमध्ये माणसाला प्रमाणबद्ध घडवल्याचा उल्लेख आहे, त्याचे हे एक उदाहरण म्हणता येईल. टीएचसी मात्र ती जागा, ती वेळ आणि ते प्रमाण यांपैकी काहीच पाळत नाही. ते एकाच वेळी मेंदूच्या अनेक भागांतील कुलपांत जाऊन बसते आणि तासन्‌तास तेथे राहते.

सीबी-१ जेथे दाट आहेत, तेथेच परिणाम दिसतात. लहान मेंदूत ते आहेत, म्हणून तोल आणि हालचालींतील अचूकपणा बिघडतो. अशा स्थितीत मोटारसायकल चालवणे म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही जिवाशी खेळ. हिप्पोकॅम्पस हा स्मृती बांधणारा भाग. तेथे ते विपुल आहेत. परिणामी वाक्याचा शेवट येईपर्यंत त्याचा आरंभ निसटतो. येथे सूरह अन्-निसाच्या ४३व्या आयतीचे स्मरण ठेवावे. मद्याची पूर्ण मनाई होण्यापूर्वीचा हा आदेश आहे : नशेत नमाजजवळ जाऊ नये, आपण काय म्हणत आहोत हे कळेपर्यंत थांबावे. आपण काय म्हणत आहोत हे कळणे, ही तेथे सांगितलेली अट आहे. आणि टीएचसी नेमके तेच हिरावते. रकात किती झाल्या, फातिहा झाली की नाही, हे लक्षात ठेवण्याचे काम मेंदूचा जो भाग करतो, तोच त्या वेळी झाकलेला असतो. जो मुलगा कुरआन पाठ करत आहे, त्याच्या बाबतीत या हानीचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको.

हृदयाचे ठोके वाढतात, डोळे लाल होतात, तोंड कोरडे पडते, भूक खवळते. श्वसनावर नियंत्रण ठेवणाऱ्या भागात सीबी-१ विरळ आहेत, म्हणून अफूप्रमाणे गांजाच्या अतिसेवनाने श्वास थांबण्याचा धोका फारसा नसतो. "गांजाने कोणी मरत नाही," असे मित्र सांगतात, त्यात एवढेच तथ्य आहे. मरण हा हानीचा एकमेव प्रकार नव्हे.

खाण्यातील धोका निराळाच. धुराचा अंमल काही मिनिटांत चढतो. पोटातून जाणाऱ्या भांगेला अर्धा ते दोन तास लागतात. शिवाय यकृतात टीएचसीचे एका अधिक प्रभावी संयुगात रूपांतर होते. 'काहीच झाले नाही' म्हणून दुसरा पेला घेणारा माणूस म्हणूनच भयभीत होऊन रुग्णालयात पोहोचतो.

वयाचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. कपाळामागील, निर्णय घेणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. सेवन करणाऱ्यांपैकी साधारण दहातील एक व्यसनाधीन होतो. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सहातील एकाच्या जवळ जाते. स्वीडनमध्ये सैन्यभरतीस आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांचा १५ वर्षे मागोवा घेण्यात आला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, भरतीच्या वयापर्यंत ५० हून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे सहापट आढळले. प्रत्येक सेवन करणारा भ्रमिष्ट होतो असे मुळीच नाही आणि मुलांना तसे सांगूही नये. अतिशयोक्ती उघडी पडली की ती खऱ्या इशाऱ्यावरचाही विश्वास घालवते. परंतु ज्या घराण्यात असा आजार आहे, तेथे धोका मोठा आहे. मालही पूर्वीचा राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या नमुन्यांतील टीएचसी १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, २०१४ मध्ये ते सुमारे १२ टक्के झाले.

फकीहांचा जुना वाद

ही चर्चा आपल्याकडे नवी नाही. सातव्या-आठव्या हिजरी शतकात कैरो व दमास्कस येथील फकीहांपुढे 'हशीश'चा प्रश्न उभा राहिला तेव्हा त्यांच्यापाशी ना प्रयोगशाळा होती, ना सीबी-१ चे ज्ञान. तरीही त्यांनी प्रश्न परिणामाच्याच अंगाने तपासला. मालिकी विद्वान इमाम कराफी यांनी धुंदी व उन्माद आणणारे, बुद्धी बिघडवणारे आणि झोपवणारे असे पदार्थांचे तीन वर्ग केले व हशीश दुसऱ्या वर्गात टाकली. इमाम इब्ने तैमिया यांनी ती मद्यासारखीच नशा आणते असे ठरवले. इमाम जरकशी यांनी तिच्या निषिद्धतेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. हनफी परंपरेत अल्लामा इब्ने आबिदीन यांनीही तिला अवैध म्हटले आहे. मतभेद होता तो शिक्षा कोणती, ती वस्तू नजिस आहे काय, बुद्धीवर परिणाम न करणाऱ्या अल्प मात्रेचे काय, यांविषयी. बुद्धी बिघडेल इतके सेवन हराम, याबाबत मात्र त्यांचे एकमत होते. 'नाव कुरआनात नाही' हा युक्तिवाद त्यांच्याही काळी होताच.

भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी घातली. फुलोऱ्याशिवायची पाने त्या व्याख्येबाहेर राहिली. काही राज्यांत भांगेची दुकाने परवान्याने चालतात ती यामुळे. परवाना मिळाल्याने वस्तू हलाल होत नाही.

औषधाचे काय?

येथे अनेक घरांत उलट चूक होते. एखाद्या लेकराला अपस्माराचे झटके येतात, विशेषज्ञ डॉक्टर सीबीडीचे औषध सुचवतात आणि 'गांजाचे' म्हणून आई ते नाकारते. शुद्ध सीबीडीचे औषध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये ड्रावे व लेनॉक्स-गॅस्टो या अपस्माराच्या दोन कठीण प्रकारांसाठी मंजूर केले. त्याने गुंगी येऊ शकते, यकृतावर लक्ष ठेवावे लागते, व्हॅलप्रोएटसारख्या औषधांबरोबर विशेष काळजी घ्यावी लागते. पण गांजाचा कैफ त्यात नाही. निर्णय जर परिणामावर आधारलेला आहे, तर तो दोन्ही बाजूंनी लागू व्हायला हवा.

मात्र दुकानांत आणि इंटरनेटवर 'विजया' किंवा 'हेम्प' या नावाने मिळणारे प्रत्येक तेल हे ते औषध नव्हे. विजया हे भांगेचेच आयुर्वेदातील नाव आहे आणि त्या अर्कात टीएचसी असू शकते. म्हणून मुफ्तींना मसला विचारताना 'गांजाचे तेल चालेल का?' असे मोघम विचारू नये. घटक कोणता, टीएचसी आहे का व किती, आजार कोणता, दुसरा उपाय करून पाहिला का, डॉक्टर कोण, हे सारे कागदासह सांगावे.

आणि ज्या घरात मुलगा आधीच गुंतला आहे, त्यांच्यासाठी. तो सोडू लागला की एक-दोन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश सुरू होतो, भूक मरते. पहिल्या आठवड्यात हे सर्वाधिक असते आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरते. झोप आणि विचित्र स्वप्ने यांना त्याहून अधिक काळ लागू शकतो. ही चिडचिड म्हणजे उद्धटपणा समजून त्याच दिवसांत त्याला घराबाहेर काढणारे वडील त्याला पुन्हा त्याच कोंडाळ्यात पाठवतात. लोक काय म्हणतील या भीतीने उपचार टाळू नयेत. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, व्यसनी व्यक्तीने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याबाबत खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. शासनाची १४४४६ ही विनामूल्य हेल्पलाइन आहे. मुलाला कोणी नसताना आवाज ऐकू येत असतील, किंवा घरचेच आपल्याविरुद्ध कट करत आहेत असे तो म्हणत असेल, तर ताबीज किंवा झाडफुंकीत आठवडे न घालवता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. दुआ घरी आणि रुग्णालयाच्या वाटेवरही करता येते.