थेंबभर दुधाने भागते काय?

प्रश्न : माझ्या सुनेला २६व्या आठवड्यातच मुलगी झाली, वजन ८०० ग्रॅम. नळीतून दर दोन तासांनी जेमतेम १ मिलिलिटर दूध देतात. तिची उपासमार तर होत नाही ना?

उत्तर : आपली चिंता मी जाणतो, परंतु उपासमार मुळीच नाही. चोखणे, गिळणे आणि श्वसन यांचा मेळ साधारणतः ३२ ते ३४व्या आठवड्यापर्यंत बसत नसल्यामुळे, आणि अपक्व आतड्यावर एकाएकी भार पडल्यास त्यास गंभीर दाह होण्याची भीती असल्यामुळे, ग्लुकोज, अमिनो आम्ले व स्निग्ध द्रव्ये असे तिचे मुख्य पोषण तूर्त शिरेवाटे चालते. नळीतले थेंब आतड्यास पचनाचा सराव देतात, आणि प्रकृती पाहून ते क्रमाक्रमाने वाढविले जातात. खरी निकड आहे ती आईच्या दुधाची, विशेषतः पहिल्या पिवळसर चिकाची. सुनेने दिवसातून आठ वेळा, रात्रीही, दूध काढीत राहावे. निर्जंतुक वाटीच्या तळाशी चार थेंब जमले तरी ते परिचारिकेच्या हवाली करावेत. अपुरे पडल्यास दुग्धपेढीतील, ६२.५ अंश सेल्सियसवर ३० मिनिटे तापविलेले मातृदुग्ध मिळेल काय, याची चौकशी करावी. मुंबईच्या शीव रुग्णालयात अशी पेढी १९८९ साली सुरू झाली. पुढे दुधात प्रथिने व खनिजे यांची पूरक भुकटी मिसळतील, तिला हरकत घेऊ नये. मध वा घुटी मात्र, कोणी कितीही आग्रह धरला तरी, बाळाच्या ओठांस लागू देऊ नये.