हार्ड डिस्कच नाही, मग संगणक सुरू कसा होतो?

प्रश्न : आमच्या वाचनालयात लोकांसाठी दहा संगणक ठेवलेत. कोणी वॉलपेपर बदलतो, कोणी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आणतो. हार्ड डिस्क काढून टाकली तरी संगणक चालतो म्हणे. खरं का? – एक ग्रंथपाल

उत्तर : खरं आहे, आणि नवंही नाही. १९८०च्या दशकात सन कंपनीची वर्कस्टेशनं बिनडिस्कची मिळायची, कारण तेव्हा डिस्क महाग होती. आज महाग पडतो तो दहा डिस्का निस्तरत बसणाऱ्याचा वेळ.

बटण दाबलं की नेटवर्क कार्डातला पीएक्सई नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो. आपला पत्ताही त्याला ठाऊक नसतो, म्हणून तो नेटवर्कवर सगळ्यांनाच हाक मारतो. डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी पत्ता देतो, शिवाय कुठून कोणती फाइल उचलायची तेही सांगतो. ही फाइल टीएफटीपी या साध्या पद्धतीने येते. त्याचा मूळ खाक्या असा : ५१२ बाइटचा तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा. अख्खी लिनक्स ही संगणक चालवणारी यंत्रणा अशी ओढायची तर तुमचा चहा पिऊन होईल. म्हणून टीएफटीपीने फक्त आयपीएक्सई हा बूटलोडर आणतात आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्याकरवी जास्त वेगवान एचटीटीपीने मागवतात.

बाकीची यंत्रणा सर्व्हरवरच राहते आणि तिथून फक्त वाचली जाते. वाचकाने केलेले बदल त्याच्या संगणकाच्या रॅममध्ये, वरच्या थरात साठतात. संगणक बंद केला की तो थर गेला : वॉलपेपर गेला, व्हायरस गेला, लॉगआउट न केलेलं जीमेलही गेलं. मात्र एक वाचक उठला की रीस्टार्ट कराच, नाहीतर पुढचा त्याच जीमेलमध्ये बसेल. अर्ज भरणाऱ्यांनी आपली फाइल पेन ड्राइव्हवर घेऊनच उठायचं, हेही भिंतीवर लिहा.

एलटीएसपी हे १९९९पासूनचं मोफत सॉफ्टवेअर यातलं बरंचसं जुळवून देतं. राउटर पत्ते वाटत असेल तर वाटू द्या. सर्व्हरवर डीएनएसमास्क हा प्रोग्राम ‘प्रॉक्सी’ पद्धतीने लावा, म्हणजे तो फक्त बूटची माहिती पुरवेल. पत्ते वाटणारे दोन झाले की कोणाचं इंटरनेट कधी जाईल, नेम नाही.

वायफायच्या भरवशावर राहू नका, वायरच टाका आणि स्विच गिगाबिटचा घ्या. सर्व्हर पडला की दहाही संगणक थांबतात. तेव्हा हार्ड डिस्कांचे वाचलेले पैसे आधी सर्व्हर आणि स्विचच्या यूपीएसवर घाला.