कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस

घरी कॉम्प्युटर जुळवायचा म्हटलं की यादीची सुरुवात प्रोसेसरपासून होते. मग ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी, मदरबोर्ड. एव्हाना बजेट संपत आलेलं असतं आणि लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची बुधवार पेठ, काउंटरवरून सल्ला मिळतो, ‘कॅबिनेट घ्या ना, एसएमपीएस त्यातच येतो.’ हा सल्ला मानू नये असं माझं ठाम मत आहे. बजेट जितकं कमी, तितका एसएमपीएसचा खर्च आधी बाजूला काढावा. बाकीचा कुठलाही भाग हलका निघाला तर मशीन थोडं हळू चालतं. एसएमपीएस हलका निघाला तर ज्यांच्यासाठी काटकसर केली तेच महागडे भाग पणाला लागतात, कारण प्रत्येकाला वीज तिथूनच जाते.

फसगत होते ती डब्यावरच्या मोठ्या आकड्यात. ‘४५० वॉट’ ही सगळ्या व्होल्टेजची मिळून सांगितलेली क्षमता असते, आणि स्वस्त मालात तीही फुगवलेली असू शकते. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. म्हणून लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर छापलेत ते पाहावं आणि त्याला १२ ने गुणावं. तिथे १८ अँपिअर असतील तर उत्तर २१६ वॉट येतं, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. आता कमी बजेटची एक नेहमीची जोडी घेऊ. इंटेलचा आय३-१२१००एफ पूर्ण जोरात ८९ वॉटपर्यंत जातो, एएमडीचं आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॉटचं. दोघांचे मिळून २२१ झाले. पंखे, डिस्क आणि मदरबोर्ड अजून हिशेबात धरलेलेच नाहीत. शिवाय या कार्डाला सहसा ८ पिनांची केबल लागते. एसएमपीएसला ती नसेल तर कन्व्हर्टर पुढे केला जातो. तो घेऊ नये. केबल दिलेलीच नसेल, तर हा माल अशा कार्डासाठी नाही हे बनवणाऱ्याने स्वतःच कबूल केलंय असं समजावं.

‘आमच्या ऑफिसात असलेच एसएमपीएस वर्षानुवर्षं चालतात,’ असं यावर हमखास ऐकायला मिळतं. चालत असतील. टायपिंग आणि हिशेब करणारं, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेलं मशीन सहसा १०० वॉटच्या आतच असतं. तिथे त्या डब्याची परीक्षाच होत नाही. दुसरा आधार वॉरंटीचा. पण एसएमपीएसची वॉरंटी साधारणपणे एसएमपीएसच बदलून देते, त्याने जाळलेला मदरबोर्ड नाही. तिसरा आधार यूपीएसचा, आणि वीज सतत जाते-येते अशा गावात तो घ्यायलाच हवा. मात्र तो भिंतीतून येणारी वीज सांभाळतो. तिचं १२ व्होल्ट करण्याचं काम एसएमपीएसच्या आत चालतं. तिथे व्होल्टेज चढलं किंवा शॉर्टसर्किट झालं, तर वेळेत बंद पडण्याची सोय एसएमपीएसमध्येच असावी लागते. स्वस्त मालात नेमकी तीच गाळलेली असण्याची भीती असते.

याचा अर्थ ८५० वॉटचा ‘८० प्लस गोल्ड’ एसएमपीएस घ्या असा मुळीच नाही. घाबरून दुप्पट क्षमता विकत घेणं हीसुद्धा उधळपट्टीच. वरच्या जोडीला चांगल्या कंपनीचा खरा ४५० वॉटचा एसएमपीएस पुरतो. एएमडीचीही या कार्डासाठी शिफारस तेवढीच आहे. ‘८० प्लस’ची मोहोर मुळात किती वीज वाया जाते एवढंच सांगते, सुरक्षिततेचं प्रमाणपत्र ती नव्हे. तरी त्या चाचणीत पूर्ण भारही टाकला जातो, त्यामुळे मोहोर खरी असेल तर वॉटचा आकडा सहसा पोकळ नसतो. फरकाचे पैसे कुठून आणायचे? रंगीत दिव्यांचे पंखे आणि काचेचं कॅबिनेट सोडा. वेगळा कूलर नको, कारण १२१००एफच्या किरकोळ विक्रीच्या खोक्यात तो येतोच. एवढ्याने भागत नसेल तर ग्राफिक्स कार्ड पुढे ढकला, पण मग ‘एफ’ नसलेला प्रोसेसर घ्या. ‘एफ’वाल्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. आणि पैसे देण्याआधी एसएमपीएसच्या लेबलचा फोटो मागवा. १२ व्होल्टसमोरचा आकडा वाचता येत नसेल तर तो एसएमपीएस फुकटसुद्धा घेऊ नका.