होमस्कूलिंग : कॅमेऱ्यातलं आणि कॅमेऱ्याबाहेरचं

मुलाला शाळेत न घालता आई-वडिलांनी घरीच शिकवणं म्हणजे होमस्कूलिंग. अमेरिकेत १९९३ पर्यंत ते पन्नासही राज्यांत कायदेशीर झालं. पण आपल्यापैकी बहुतेकांनी अशी कुटुंबं पाहिली ती सिनेमात आणि बातम्यांत. तिथे त्यांचे तीन साचे ठरलेले आहेत.

पहिला साचा 'पुस्तकी किडा'. १९९७ साली अमेरिकेतली राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा घरी शिकलेल्या एका मुलीने जिंकली. शेवटच्या शब्दाचं एकेक अक्षर ती आनंदाने ओरडून म्हणाली आणि टीव्हीवर तेवढाच तुकडा गाजला. २००० साली तर पहिले तिन्ही क्रमांक घरी शिकलेल्या मुलांचे होते.

दुसरा साचा 'कट्टर धार्मिक'. २००४ च्या 'मीन गर्ल्स' सिनेमाची सुरुवात आठवा. होमस्कूलिंग म्हटल्यावर लोकांना काय दिसतं? एक स्पेलिंग सांगणारी मुलगी आणि देवाने बंदूक निर्माण केली म्हणणारी खेड्यातली पोरं! सिनेमा या साच्यांची टिंगल करतो, पण त्याची नायिकाही घरी शिकलेली म्हणून जगरहाटी न कळणारीच दाखवली आहे.

तिसरा साचा 'बंद दाराआडचा छळ'. जानेवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका घरातून १३ भावंडांची सुटका झाली. वडिलांनी घराचीच खाजगी शाळा म्हणून नोंद केली होती आणि तिथे तपासणीला कुणी जात नव्हतं. देखरेखीचा हा प्रश्न खराच गंभीर आहे, तो झाकू नये. पण म्हणून घरी शिकवणारा प्रत्येक बाप संशयित ठरतो का?

आता आकडे पाहू. २००३ च्या सरकारी पाहणीनुसार अमेरिकेत सुमारे ११ लाख मुलं घरी शिकत होती. सर्वांत महत्त्वाचं कारण विचारलं तेव्हा ३१ टक्के पालकांनी शाळेतलं वातावरण सांगितलं, ३० टक्क्यांनी धार्मिक वा नैतिक शिक्षण, तर १६ टक्क्यांनी शिकवण्याचा दर्जा. म्हणजे धर्म हे मोठं कारण आहेच, पण ते एकटं नाही.

मग साचे का तयार होतात? मला वाटतं, कारण साधं आहे. शाळेला फाटक असतं, हेडमास्तर असतात, बातमीदार तिथे जाऊ शकतो. ही कुटुंबं मात्र विखुरलेली. ती एक तर स्पर्धेच्या स्टेजवर सापडतात, नाहीतर कोर्टात. सिव्हिलवाल्यांनो, स्लॅबचे सगळे क्यूब एकाच कोपऱ्यातल्या काँक्रीटचे भरले आणि त्यावरून अख्ख्या बिल्डिंगचा रिपोर्ट दिला, तर सर तो स्वीकारतील का?

आपल्याकडेही तेच होतं. २०१० मध्ये घरी शिकलेला दिल्लीचा १४ वर्षांचा मुलगा जेईईत देशात ३३ वा आला. २०१६ मध्ये मुंबईची एक मुलगी इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर एमआयटीत गेली. इथल्या आयआयटीला बारावीची अट आडवी येत होती. दोघांचं कौतुक व्हायलाच हवं. पण बातम्या वाचून वाटतं, घरी शिकलेला म्हणजे एक तर जीनियस, नाहीतर वाया गेलेला. मुक्त विद्यालयाची दहावी-बारावी देऊन साठ-सत्तर टक्के मिळवणाऱ्याची बातमी कोण छापणार?

असा एक जण आमच्या विंगमध्ये आहे. पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'मोगली' पडलं. तो गप्प बसला की पोरं म्हणतात, "शाळेत गेलाच नाही ना, म्हणून." अरे, माझा रूममेट बारा वर्षं शाळेत जाऊन त्याच्याहून गप्प आहे, त्याला कोणी काही म्हणत नाही! मोगली व्हायवात सरांना न घाबरता उलट प्रश्न विचारतो. त्याचं श्रेय मात्र कोणी घराला देत नाही.

होमस्कूलिंग चांगलं की वाईट, हा वाद मला इथे करायचा नाही. त्यात कष्ट आहेत, धोकेही आहेत. म्हणणं एवढंच की मेसमध्ये समोर बसलेल्या माणसाला टीव्हीवरच्या साच्यात कोंबू नका. घरी गणित कोणी शिकवलं, कंटाळा आला की काय करायचास, मित्र कुठे भेटायचे, हे त्यालाच विचारा. एका बातमीपेक्षा त्यातून जास्त कळेल.