क्लाउड संगणनाचा खर्च : हंगामी कामासाठी दीर्घ मुदतीचा करार किती करावा?

कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला आता संगणनक्षमताही लागते. सापळ्यातील पतंगांची छायाचित्रांवरून ओळख पटविणे, हवामानाच्या नोंदींवरून प्रादुर्भावाचा अंदाज बांधणे, किडींच्या जनुकसंचाची जुळणी करणे ही कामे साध्या संगणकावर होत नाहीत. महाराष्ट्रात 2009-10 पासून क्रॉपसॅप प्रकल्पांतर्गत कीड-रोगांचे नियमित सर्वेक्षण होत आहे. देशपातळीवर 15 ऑगस्ट 2024 रोजी राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू झाली असून, तीत शेतकऱ्याने पाठविलेल्या छायाचित्रावरून कीड ओळखली जाते. अशा स्वरूपाच्या कामासाठी स्वतःचे सर्व्हर विकत न घेता क्लाउडवर संगणनक्षमता भाड्याने घेता येते. मात्र हे भाडे तासागणिक चढत जाते. वर्षाची तरतूद सप्टेंबरातच संपली, तर कपाशीला बोंडे लागलेली असताना गुलाबी बोंडअळीचा इशारा देणारी यंत्रणा बंद पडण्याची वेळ येते. म्हणून खर्चाचे नियोजन हा संशोधनाच्या आराखड्याचाच भाग समजला पाहिजे.

दरांचे तीन प्रकार

पहिला प्रकार मागणीनुसार दराचा. यंत्र हवे तेव्हा घ्यावे आणि नको तेव्हा सोडावे. यात कोणतेही बंधन नसते, पण दर सर्वांत जास्त असतो.

दुसरा प्रकार दीर्घ मुदतीच्या कराराचा. एक किंवा तीन वर्षे ठरावीक वापर करण्याचे वचन दिल्यास पुरवठादार दरात सवलत देतो. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने 2009 मध्ये राखीव यंत्रांची आणि नोव्हेंबर 2019 मध्ये बचत योजनांची पद्धत आणली. राखीव यंत्रांच्या पद्धतीत विशिष्ट प्रकारच्या यंत्राचे वचन द्यावे लागते, तर बचत योजनेत तासाला ठरावीक रकमेचा वापर करण्याचे. मायक्रोसॉफ्ट अझूर आणि गुगल क्लाउड यांच्याकडेही अशाच योजना आहेत. जाहिरातीत ‘72 टक्क्यांपर्यंत’ असे आकडे दिसतात. ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष सवलत यंत्राचा प्रकार, मुदत आणि आगाऊ भरणा यांवर अवलंबून असते.

तिसरा प्रकार शिल्लक क्षमतेचा. पुरवठादाराकडे रिकामी असलेली यंत्रे 90 टक्क्यांपर्यंत सवलतीने मिळू शकतात, परंतु ती केव्हाही परत घेतली जातात. ॲमेझॉनच्या सेवेत त्याची पूर्वसूचना अवघी दोन मिनिटे आधी मिळते. मध्येच थांबवून नंतर पुढे चालू ठेवता येणाऱ्या कामासाठी, उदाहरणार्थ छायाचित्र-ओळखीच्या प्रारूपाच्या प्रशिक्षणासाठी, हा मार्ग योग्य आहे. शेतकऱ्याला तत्काळ उत्तर देणाऱ्या सेवेसाठी तो योग्य नाही.

समतोल पातळी

फवारणीचा निर्णय आर्थिक नुकसानीच्या संकेत पातळीवरून घेतला जातो. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग आढळले, तर गुलाबी बोंडअळीसाठी उपाययोजना करण्याची शिफारस असते. कराराच्या निर्णयालाही अशीच एक पातळी असते आणि ती काढणे सोपे आहे. शंभरातून सवलतीची टक्केवारी वजा करावी. उरलेली टक्केवारी म्हणजे यंत्र किमान किती काळ वापरात असले पाहिजे, त्याचे प्रमाण. सवलत 40 टक्के असल्यास यंत्र 60 टक्के काळ, म्हणजे वर्षात 219 दिवस, अहोरात्र चालले पाहिजे. त्याहून कमी चालल्यास करार तोट्याचा ठरतो.

येथे एक बाब विसरता कामा नये. कराराचा हिशेब तासाचा असतो. ज्या तासात वचनाइतका वापर झाला नाही, त्या तासाचे पैसे वाया जातात. फेब्रुवारीतील न वापरलेले तास ऑगस्टमध्ये वापरता येत नाहीत.

एक उदाहरण

समजा, एका केंद्राला वर्षभर चार यंत्रे लागतात आणि जून ते ऑक्टोबर या 153 दिवसांत आणखी आठ. मागणीनुसार दर तासाला 10 रुपये आणि कराराचा दर 6 रुपये धरू. हे दर केवळ हिशेबासाठी घेतले आहेत.

1. सर्व यंत्रे मागणीनुसार : चार यंत्रांचे 3,50,400 रुपये, हंगामी आठ यंत्रांचे 2,93,760 रुपये, एकूण 6,44,160 रुपये.
2. बाराही यंत्रांचा वार्षिक करार : 6,30,720 रुपये.
3. चार यंत्रांचा करार आणि आठ यंत्रे मागणीनुसार : 2,10,240 अधिक 2,93,760, एकूण 5,04,000 रुपये.

दुसऱ्या पर्यायात दर 40 टक्के कमी असूनही बचत केवळ 13,440 रुपयांची, म्हणजे सुमारे 2 टक्के होते. तिसऱ्या पर्यायात ती 1,40,160 रुपयांची, म्हणजे जवळपास 22 टक्के आहे. हंगामी यंत्रे वर्षाच्या 42 टक्के काळच चालतात. ती समतोल पातळीच्या खाली असल्यामुळे त्यांचा करार तोट्यात जातो. करार नेहमी तळाच्या वापरापुरता करावा, हंगामी उच्चांकापुरता नव्हे.

करारापूर्वीची तयारी

तळाचा वापर अंदाजाने ठरवू नये. खरीप, रब्बी आणि उन्हाळी असे तिन्ही हंगाम येतील, अशा संपूर्ण वर्षाच्या तासवार नोंदी पाहाव्यात. ऑगस्टच्या देयकावरून केलेला करार हमखास मोठा होतो. त्याआधी रिकामी चालणारी आणि गरजेपेक्षा मोठी यंत्रे शोधून बंद किंवा लहान करावीत. तसे न केल्यास अपव्ययच सवलतीच्या दरात तीन वर्षांसाठी पक्का होतो. या योजना प्रामुख्याने संगणनास लागू असतात. छायाचित्रांच्या साठवणुकीचा खर्च त्यांनी आपोआप कमी होत नाही. क्वचित लागणारी जुनी छायाचित्रे स्वस्त साठवणीत हलविणे, हा त्यावरील वेगळा उपाय आहे.

मुदत आणि लवचीकता

तीन वर्षांच्या करारात सवलत अधिक मिळते, पण किडी आपल्या मुदतीने वागत नाहीत. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली आणि अल्पावधीत देशभर पसरली. मे 2020 मध्ये वाळवंटी टोळधाड विदर्भापर्यंत पोहोचली. अशा प्रसंगी कामाचे स्वरूपच बदलते आणि वेगळ्या प्रकारची यंत्रे लागतात. म्हणून थोडी कमी सवलत स्वीकारूनही यंत्राचा प्रकार बदलू देणारी योजना संशोधन संस्थेस अधिक सोयीची ठरते. कराराची मुदत प्रकल्पाच्या उरलेल्या कालावधीपेक्षा जास्त नसावी. दोन वर्षे उरलेल्या प्रकल्पासाठी तीन वर्षांचे वचन दिल्यास शेवटच्या वर्षाचा भार संस्थेवर पडतो.

शासकीय संस्थांनी संपूर्ण रक्कम आगाऊ भरण्याचा पर्याय निवडण्यापूर्वी लेखा विभागाचे मत घ्यावे. सामान्य वित्तीय नियम 2017 मधील नियम 172 नुसार खासगी पुरवठादारास आगाऊ रक्कम देण्यावर मर्यादा आहे. सर्वसाधारणपणे ती करारमूल्याच्या 30 टक्क्यांपेक्षा अधिक नसावी. आगाऊ भरणा न करता मासिक हप्त्याने चालणारे करारही उपलब्ध आहेत. त्यात सवलत किंचित कमी असते, इतकेच.

सारांश

प्रथम वर्षभराची तासवार नोंद, मग अपव्ययाची छाटणी, नंतर तळाच्या वापराच्या 70 ते 80 टक्क्यांपुरता एक वर्षाचा करार हा सावध क्रम आहे. पुढील आढाव्यात वापर टिकून असल्याचे दिसल्यास करार वाढविता येतो. केलेला करार मुदतीपूर्वी कमी करणे मात्र बहुधा शक्य नसते. वाचलेली रक्कम हंगामासाठी राखून ठेवावी. ऐन प्रादुर्भावाच्या आठवड्यात शेतकऱ्याला वेळेवर इशारा मिळावा, हाच या काटकसरीचा उद्देश आहे.